जुनं प्रदर्शन मैदान: पाडायचं, विकायचं की उघडायचं?

बहुतेक मोठ्या शहरांत असं एक मैदान असतं. वर्षातले तीन-चार आठवडे तिथं पाय ठेवायला जागा नसते. आकाशपाळणे, खाण्याचे स्टॉल, लोणच्या-पापडांपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं मांडलेलं आणि घरी जायला तयार नसलेली पोरं. उरलेलं वर्ष फाटकाला कुलूप, आत गंजलेल्या शेड आणि पार्किंगचं डांबर. शेजारच्या वस्तीच्या वाट्याला येते ती वाहतुकीची कोंडी, कचरा आणि संपता न संपणारी कंपाउंडची भिंत. हळूहळू इमारती जुन्या होतात, मोठी प्रदर्शनं दुसरीकडच्या वातानुकूलित हॉलमध्ये जातात आणि एक दिवस पुनर्विकासाचा प्रस्ताव येतो.

अशा प्रस्तावावर सूचना-हरकती लिहायला बसलेल्या रहिवाशांसाठी आणि सभागृहात हात वर करायची वेळ आलेल्या नगरसेवकांसाठी ही तुलना आहे. या प्रश्नाला ढोबळमानाने तीन उत्तरं दिली गेली आहेत. दिल्लीनं जुनं पाडून तिथंच नवं बांधलं. इटलीतल्या मिलाननं जागा विकली आणि प्रदर्शन शहराच्या वेशीवर नेलं. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलनं मैदान ठेवून ते रोजच्या वापरासाठी खुलं केलं. त्याच देशातलं डॅलस गेली कित्येक वर्षं तेच करायची धडपड करतंय. मी चारही ठिकाणांना एकच प्रश्न विचारला आहे: मैदानाच्या भिंतीला लागून राहणाऱ्या माणसाचं काय झालं? आत काय बांधलं हे महत्त्वाचं आहेच, पण वस्तीचं भलं-बुरं ठरतं ते मैदानाच्या कडेला काय केलं यावर, असं माझं ठाम मत झालं आहे.

पाडून नवं: दिल्लीचं प्रगती मैदान

३ नोव्हेंबर १९७२ ला 'एशिया ७२' या व्यापार मेळ्यानं प्रगती मैदान सुरू झालं. राज रेवल यांनी आखलेला आणि महेंद्र राज यांनी ज्याची संरचना केली तो हॉल ऑफ नेशन्स ही त्याची ओळख. त्या काळी पोलाद महाग आणि मिळायला अवघड, म्हणून एवढी प्रचंड जाळीदार चौकट काँक्रीटमध्ये, जागेवरच, मजुरांच्या हातांनी ओतली गेली. आत ७८ मीटरचा गाळा आणि मध्ये एकही खांब नाही. १४ नोव्हेंबरपासून भरणारा व्यापार मेळा, विश्व पुस्तक मेळा, राज्याराज्यांची दालनं (त्यांत आपल्या महाराष्ट्राचंही), १९८४ पासून अप्पू घरचे पाळणे, शाकुंतलम थिएटरातला स्वस्त तिकिटाचा सिनेमा. परिषदेचा पास नसलेल्या माणसालाही तिथं जायला काहीतरी निमित्त होतं.

अप्पू घर २००८ मध्ये बंद झालं. एप्रिल २०१७ मध्ये हॉल ऑफ नेशन्स एका रात्रीत पाडण्यात आला. वास्तू ६० वर्षांची झालेली नाही, म्हणून ती वारशात धरता येत नाही, असा निकष लावला गेला. देशातल्या आणि परदेशातल्या वास्तुरचनाकारांनी केलेल्या विनंत्या वाया गेल्या. सुमारे १२३ एकरांच्या प्रकल्पावर सुमारे २,७०० कोटी रुपये खर्चून तिथं नवं संकुल उभं राहिलं. २६ जुलै २०२३ ला भारत मंडपमचं उद्घाटन झालं आणि सप्टेंबरमध्ये तिथं जी-२० परिषद भरली. त्याआधी, जून २०२२ मध्ये, ९२० कोटींहून जास्त खर्चाचा भुयारी मार्ग सुरू झाला होता.

राजधानीला मोठं परिषद केंद्र हवं होतं आणि ते मिळालं, हे मान्य करायलाच हवं. जुन्या हॉलमधल्या प्रदर्शकांचे हाल ज्यांनी पाहिलेत, ते नव्या सोयींची किंमत ओळखतील. पण ५,५०० गाड्यांचं पार्किंग असलेली ही जागा गाडीतून येणाऱ्या पाहुण्यांसाठी घडवलेली आहे, चालत येणाऱ्या शेजाऱ्यासाठी नाही. एका बाजूला पुराना किला, दुसरीकडे सर्वोच्च न्यायालय, मागे रेल्वे. शेजारी राहणारे मुळात थोडे. त्या थोड्यांपैकी जनता कॅम्प ही झोपडपट्टी परिषदेच्या काही महिने आधी जमीनदोस्त झाली. मोलमजुरी करणारी माणसं तिथं राहत होती. मैदानाच्या कायापालटातून त्यांच्या वाट्याला एवढंच आलं.

म्हणून कोणी तुमच्या शहरात 'आपणही भारत मंडपम करू, परिसर सुधारेल' असं म्हणालं, तर या वाक्याचे दोन भाग वेगवेगळे तपासा. पहिला शक्य आहे. दुसऱ्याचा पुरावा दिल्लीत सापडत नाही.

विकून बाहेर: मिलान

मिलानची 'फिएरा' म्हणजे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून शहराच्या मध्यात भरणारा व्यापार मेळा. गर्दी आणि ट्रक शहराला पेलेनासे झाले, तेव्हा पश्चिमेला रो इथल्या जुन्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या जागेवर मासिमिलिआनो फुक्सास यांनी आखलेलं नवं प्रदर्शन केंद्र बांधलं गेलं. ते २००५ मध्ये सुरू झालं आणि मेट्रो थेट त्याच्या दारापर्यंत नेली गेली. शहरातली जुनी जागा २००४ मध्ये ५२३ दशलक्ष युरोंना 'सिटीलाइफ' या प्रकल्पासाठी विकली गेली आणि हा पैसा नव्या केंद्राच्या कामी आला.

जुन्या जागेवर आज इसोझाकी, झाहा हदीद आणि लिबेस्किंड या वास्तुरचनाकारांचे तीन टॉवर आहेत, भोवती उंची सदनिका, एक मॉल आणि सुमारे १७ हेक्टरची बाग. गाड्या जमिनीखाली, वर फक्त चालणारी माणसं. २०१५ मध्ये ऐन मध्यात मेट्रोचं स्टेशन आलं. एक जुना मंडप जपला गेला, बाकीचे बहुतेक गेले. बागेला कुंपण घालून ती फक्त सदनिकाधारकांना दिली असती तर मी हा पर्याय तुमच्यासमोर मांडलाही नसता. तसं झालेलं नाही. बाग सगळ्यांना खुली आहे.

तरी हा मार्ग मिलानला का पेलला, हे पाहायला हवं. भोवतालचा भाग आधीपासूनच सुस्थितीतला होता. भाडं वाढलं म्हणून बिऱ्हाड उचलावं लागेल अशी माणसं तिथं फारशी नव्हती. शिवाय खरेदीदाराकडून बाग आणि भुयारी रस्ते वसूल करून घेण्याची ताकद तिथल्या पालिकेत होती. आपल्याकडे याच वाटेवर काय घडतं, हे मुंबईच्या गिरणगावानं पाहिलेलं आहे. १९९१ च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी आणि उरलेला मालकांसाठी असं गणित होतं. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची, बांधकामाखालची जमीन त्यातून बाहेर. शहराला मिळायच्या बागा आणि घरं आकसून गेली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो बदल उचलून धरला. जमीन विकायच्या आधी दिलेली आश्वासनं विकल्यानंतर कायद्याच्या एका ओळीनं पातळ होऊ शकतात. लालबाग-परळच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

डॅलस: बरोबर आराखडा, उलटा पैसा

या चारांत मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं ते डॅलसचं फेअर पार्क, म्हणून इथं जरा जास्त थांबतो.

२७७ एकरांच्या या आवारात टेक्सास राज्याची जत्रा भरते. जत्रेची सुरुवात १८८६ ची. आता ती दर शरद ऋतूत २४ दिवस चालते आणि तिला वीस लाखांहून जास्त लोक येतात. १९३६ च्या शताब्दी प्रदर्शनासाठी वास्तुरचनाकार जॉर्ज डाल यांच्या देखरेखीखाली उभारलेल्या आर्ट डेको इमारती अजून उभ्या आहेत, भित्तिचित्रं आणि पुतळ्यांसकट. मरीन ड्राइव्हच्या इमारतींवर प्रेम करणाऱ्या कुणालाही त्या आवडतील. शिवाय कॉटन बोल हे अवाढव्य स्टेडियम, संगीत सभागृह, संग्रहालयं.

आणि भोवती दक्षिण डॅलस: कृष्णवर्णीयांची, गरीब, दशकानुदशकं दुर्लक्षिलेली वस्ती. या जत्रेत कृष्णवर्णीयांसाठी एक दिवस राखून ठेवलेला असे. १९५५ मध्ये नागरी हक्क कार्यकर्त्या जुआनिटा क्राफ्ट यांच्या मार्गदर्शनाखाली तरुण मुलं त्याविरुद्ध फलक घेऊन फाटकाबाहेर उभी राहिली. पुढे भेदभाव संपला, पण १९६६ मध्ये सल्लागारांचा एक अहवाल आला. जत्रेला येणाऱ्या गोऱ्या लोकांना शेजारची गरीब काळी वस्ती पाहून अस्वस्थ वाटतं, तेव्हा ती घरं विकत घेऊन तिथं पार्किंग करावं, असं त्यात सुचवलेलं होतं. त्याप्रमाणे झालंही. सक्तीनं जमीन संपादन करून शेकडो घरं पाडली आणि तिथं डांबर ओतलं. वर्षातले तीन-साडेतीन आठवडे गाड्यांनी भरणारं आणि उरलेलं वर्ष रिकामं राहणारं ते डांबर हीच वस्ती आणि मैदान यांच्यातली खरी भिंत ठरली.

नंतर मैदानाचीही रया गेली. २००९ मध्ये ऑपेरा शहराच्या मध्यातल्या नव्या नाट्यगृहात गेला. २०१० पासून कॉटन बोल नावाचा प्रसिद्ध फुटबॉल सामना दुसऱ्या शहरातल्या नव्या स्टेडियमवर खेळला जाऊ लागला. २०१२ मध्ये विज्ञान आणि निसर्ग संग्रहालयाचा मुख्य पसाराही हलला. २००९ मध्ये फाटकाशी रेल्वे स्टेशन आलं, तरी वस्ती सुधारली नाही. मेट्रो आली की सगळं आपोआप होईल असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. उतरून जायचं कुठं, तर कुलूपबंद आवारात.

२०२० मध्ये मंजूर झालेल्या आराखड्यानं पहिल्यांदा दुखण्याच्या जागी बोट ठेवलं. पार्किंगचं डांबर उखडायचं, गाड्यांसाठी बहुमजली वाहनतळ बांधायचा आणि सुटलेल्या जमिनीवर वस्तीच्या बाजूनं एक मोठी सार्वजनिक बाग करायची. ज्या कडेला घरं पाडली, तीच कडा वस्तीला परत द्यायची. मैदानाच्या पुनर्रचनेचा इतका नेमका आणि न्याय्य आराखडा माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

मग अडलं कुठं? पैशांत, पण पैसा नव्हता म्हणून नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात डॅलसच्या मतदारांनी हॉटेलच्या खोल्यांवरचा कर २ टक्क्यांनी वाढवायला होकार दिला. त्यातून फेअर पार्कला ३० कोटी डॉलरपर्यंत रक्कम मिळायची होती. पण कायद्यानं हा पैसा ठरावीक वास्तूंसाठीच बांधलेला आहे: स्टेडियम, संगीत सभागृह आणि अशाच काही इमारती. बाग त्या यादीत नाही. बाग उभी राहायची होती दात्यांच्या देणग्यांवर. आणि २०२४ मध्ये लेखापरीक्षणात समोर आलं की ठरावीक कामासाठी मिळालेल्या देणग्यांतले ५० लाखांहून जास्त डॉलर दुसऱ्याच खर्चाकडे वळले होते.

म्हणजे मधल्या इमारतींना हक्काचा कर आणि कडेच्या बागेला देणगी. आराखड्यात बाग पहिली आणि तिजोरीत शेवटची. ज्या लोकांची घरं पार्किंगसाठी गेली, त्यांची नातवंडं अजून वाट पाहत आहेत, आणि मला या सगळ्या प्रकरणात तेच सर्वांत जास्त लागतं. तुमच्या शहराच्या प्रस्तावात नकाशा पाहण्याआधी निधीचं पान उघडा, असं मी म्हणतो ते डॅलसमुळे.

सिअ‍ॅटल: रोज उघडं

१९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी सिअ‍ॅटलनं ७४ एकरांचं मैदान तयार केलं. स्पेस नीडल हा १८४ मीटर उंच मनोरा तेव्हाचाच. सगळं सोवळं नव्हतं. प्रदर्शनासाठी तिथलीही घरं पाडली होती. पण प्रदर्शन संपल्यावर पालिकेनं जागा स्वतःकडे ठेवली आणि 'सिअ‍ॅटल सेंटर' नावाचं स्वतंत्र खातंच तिच्यासाठी चालवलं. आवारात शिरायला तिकीट नाही. उन्हाळ्यात मोठ्या कारंज्यात मुलं भिजतात. १९३९ च्या लष्करी इमारतीत खाण्याचे गाळे आहेत आणि सरकारी माध्यमिक शाळाही भरते. ७० च्या दशकापासून संगीताचे आणि लोककलांचे उत्सव इथं होत आले आहेत.

बदलही थांबले नाहीत. जुनी पाळण्यांची बाग तोट्यात जाऊन २०११ मध्ये बंद झाली आणि पुढच्या वर्षी तिथं काचशिल्पांचं खासगी, तिकिटाचं दालन आलं. लोकांनी आक्षेप घेतला. तडजोडीत त्या भाडेकरूच्या पैशानं मुलांसाठी मोफत क्रीडांगण झालं. मला हा सौदा संपूर्ण पटत नाही, पण तो उघडपणे, कागदावर झाला आणि वस्तूच्या बदल्यात वस्तू मिळाली.

दिल्लीशेजारी ठेवून पाहावी अशी गोष्ट मात्र १९६२ च्या क्रीडागाराची. ते कालबाह्य झालं होतं, तरी त्याचं छत वारसा म्हणून संरक्षित ठरलं. मग सुमारे २०,००० टनांचं ते छत तात्पुरत्या आधारांवर तोलून धरलं, खाली खोल खणलं आणि आत संपूर्ण नवं स्टेडियम बांधलं. २०२१ मध्ये ते सुरू झालं. खर्च एक अब्ज डॉलरहून जास्त, तो खासगी कंपनीनं केला आणि वास्तूची मालकी शहराकडेच राहिली. दिल्लीतला हॉल यापेक्षा दहा वर्षांनी लहान होता. जुनं ठेवून नवं करणं तांत्रिकदृष्ट्या अशक्य असतं, असं कोणी सांगितलं तर हे छत दाखवा.

शेजारी ठेवल्यावर

पैसा सगळ्यात लवकर मिलानला मिळाला आणि जमीन कायमची गेली. दिल्लीत तो सरकारी संस्थेनं उभा केला, त्यामुळे काम झपाट्यानं झालं आणि विरोधाला वेळच मिळाला नाही. सिअ‍ॅटलला साठ वर्षं थोडं थोडं करत जावं लागलं. पाच वर्षांच्या मुदतीत फीत कापायची असेल तर हा मार्ग कुणाला भावणार नाही, हे मला कळतं.

वर्षभराच्या वापरात सिअ‍ॅटल आणि मिलान पुढे. दिल्लीत वर्दळ असते ती कार्यक्रमांच्या दिवशी. डॅलसमध्ये जत्रा जिवंत आहे, पण जत्रेनंतर शांतता. वारशाचं म्हणाल तर डॅलसनं जवळजवळ सगळं राखलं, दिल्लीनं सर्वांत मोलाचं गमावलं.

शेजाऱ्याच्या कसोटीवर चौघांपैकी कोणीही पूर्ण उतरत नाही. सिअ‍ॅटल त्यातल्या त्यात जवळ जातं.

भारतातलं एक उदाहरण इथं जोडावंसं वाटतं, आणि ते कुठल्याही पुनर्विकासाचं नाही. हैदराबादची नुमाइश, म्हणजे तिथलं वार्षिक प्रदर्शन, १९३८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी सुरू केली. नामपल्लीच्या मैदानावर ती १ जानेवारीपासून साधारण दीड महिना चालते. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीला तिचं अप्रूप आहे. ती भरवणारी सोसायटी मिळकतीतून शिक्षणसंस्था चालवते, आणि त्यांतलं सरोजिनी नायडू वनिता महाविद्यालय आणि मुलींचं कमला नेहरू तंत्रनिकेतन तर त्याच आवारात आहे. स्टॉल उठले तरी मुलींची ये-जा चालू राहते. पैसा जत्रेतून, उपयोग शहराला, तोही त्याच जागेवर. २०१९ च्या आगीत अनेक स्टॉल जळाले आणि दाटीवाटीच्या मांडणीतला धोका उघड झाला. रुंद वाटा, पाण्याची सोय आणि बाहेर पडायची जास्त दारं एवढं केलं तरी अशा मैदानाचं अर्धं काम होतं. त्यासाठी हजारो कोटी लागत नाहीत.

मग तुमच्या मैदानासाठी काय?

भोवती कचेऱ्या, महामार्ग आणि सरकारी बंगले असतील आणि राज्याला खरोखर परिषद केंद्र हवं असेल, तर दिल्लीचा मार्ग घ्या. फक्त पाडण्याआधी प्रत्येक इमारतीचा स्वतंत्र निर्णय करा आणि वयाची अट पुढे करू देऊ नका. भोवती सुस्थितीतली वसाहत असेल, शहराबाहेर मेट्रो पोचलेली असेल आणि पालिका बिल्डरला अटी पाळायला लावू शकत असेल, तर मिलानचा विचार करता येईल. त्यातही विक्रीपेक्षा भाडेपट्टा बरा, आणि बाग तयार होऊन ताब्यात आल्याशिवाय टॉवरला परवानगी नको.

भोवती चाळी, झोपडपट्टी, जुना बाजार किंवा कामगार वस्ती असेल (आणि आपल्या बहुतेक शहरांत तसंच आहे), तर मी डॅलसचा आराखडा आणि सिअ‍ॅटलचा कारभार निवडेन. जागा पालिकेची, जत्रा तिथंच, इमारती दुरुस्त करून वापरात, आणि पहिलं काम कडेचं.

हरकत लिहिताना या गोष्टी नेमक्या मागा. पहिल्या टप्प्यात वस्तीच्या बाजूची फाटकं आणि बाग. मधल्या हॉलचं टेंडर त्यानंतर. बागेसाठी देणगी नको, अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष हवं, आणि जत्रेच्या स्टॉलभाड्यातला ठरावीक वाटा दरवर्षी त्याच शीर्षात जमा व्हावा. पार्किंगच्या जागेवर डांबराऐवजी गाडी पेलेल असा मुरमाचा किंवा गवताचा थर, म्हणजे उरलेलं वर्ष तिथं मुलांना खेळता येईल. आताच्या फेरीवाल्यांची आणि भाडेकरूंची यादी काम सुरू व्हायच्या आधी प्रसिद्ध करावी, आणि नव्या गाळ्यांत पहिला हक्क त्या यादीतल्यांचा असावा. विकास आराखड्यातलं मैदानाचं आरक्षण बदलणार आहे की नाही, याचं उत्तर लेखी घ्या. हिशेबाचं लेखापरीक्षण दरवर्षी जाहीर व्हावं आणि देखरेख समितीत भिंतीला लागून राहणाऱ्या रहिवाशांना मतासह जागा मिळावी. फक्त निमंत्रित म्हणून बसवलं तर ते स्वीकारू नका.